पंचनाम्यात बांध नव्हता

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी कुंडलिकेच्या खाडीकाठच्या एका ग्रामपंचायतीत ग्रामसेवक होतो. वादळ ओसरल्याबरोबर पंचनामे सुरू झाले. तलाठी, कृषी सहायक आणि मी, तोंडाला मास्क बांधून घरोघर फिरत होतो. कौलं उडालेली घरं, बसलेले गोठे, मुळापासून उपटलेले आंबे, काडेमोड झालेल्या पोफळी. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे सगळं हातानं कागदावर. पंचनाम्याच्या नमुन्यात घराला रकाना असतो, जनावराला असतो, होडी आणि जाळ्यांना असतो, पिकाला असतो. पुढे त्याच वादळासाठी सरकारने नारळाच्या झाडाला 250 आणि सुपारीच्या झाडाला 50 रुपये असा झाडागणिक दरसुद्धा ठरवला. पण खाडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला कुठेच जागा नव्हती.

आमच्या गावाचा खार, म्हणजे खाडीचं पाणी अडवून केलेली भातशेती, त्या बांधाच्या जिवावर उभा आहे. खाडीच्या बाजूला चिकणमातीचा लांबच लांब बांध, त्यात ठिकठिकाणी उघाड्या. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जातं, भरती आली की दार आपोआप मिटतं. खारेपाटातली बरीचशी भातशेती अशीच खाडीकडून मिळवलेली. 1948 चा मुंबई खार जमीन कायदा आणि नंतर 1979 चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम यांच्यामुळे पुष्कळ योजना शासनाने हाती घेतल्या, त्यांची देखभाल सरकारी यंत्रणा करते. जे बांध त्या यादीत कधी गेलेच नाहीत ते खाजगी. आमचा त्यातला.

खाजगी म्हणायचं, पण मालक कोण? बांध कितीतरी गटांतून जातो, सातबाऱ्यावर तो पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या क्षेत्रात मुरलेला. पूर्वी ज्याची जेवढी जमीन त्याच्या वाटणीला तेवढा बांध असायचा. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की हाक जायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. न येणाऱ्याला दंड होता. मग पोरं मुंबईला गेली, काही रोह्याच्या एमआयडीसीत लागली आणि ती पद्धत हळूहळू मोडली. बांध मात्र तेवढाच लांब राहिला.

5 जूनला वटपौर्णिमा होती. पौर्णिमेचं उधाण, भरती दुपारी बाराच्या आसपास. मी एका पडक्या घराचा पंचनामा लिहीत होतो, तेव्हा दोन मुलं पळत आली: खांड वाढली. वादळाच्या दिवशी लाटांनी बांधाचा माथा धुऊन नेला होता, तिथे आता पंधराएक मीटरचं तोंड झालं होतं. मी पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. फारसा आवाज नव्हता. कडेची माती खालून पोखरली जायची आणि पावाच्या चकत्या सुटाव्यात तशी एकेक चकती सुटून पाण्यात बसायची. आतला सगळा खार चकाकत होता. पेरणी अजून व्हायची होती, म्हणून कागदोपत्री पिकाचं नुकसान शून्य! ते शून्य लिहिताना मला फार वाईट वाटलं. खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे ती धुवावी लागते, तेव्हा कुठे भात धरतं. खांड तशीच राहिली तर आत कांदळवन उगवतं. कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण आहे, 2018 च्या निकालाने भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातली बंधनंही कायम ठेवली. खाडीकाठ राखायला ते हवंच, याबद्दल माझं दुमत नाही. पण शेतात एकदा ते वाढलं की ती शेती परत मिळत नाही. एक बांध वेळेवर बुजला नाही एवढ्या कारणाने शेतकऱ्याची जमीन सातबाऱ्यावर राहते आणि हातातून जाते.

मी वर विचारणा केली. एका कार्यालयाने सांगितलं, बांध आमच्या यादीत नाही. दुसऱ्याने सांगितलं, आपत्तीच्या निकषांत खाजगी बांधाला खर्चाचं शीर्ष नाही. तिसरा पर्याय रोजगार हमीचा. तो योग्य होता, पण अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, हजेरीपट या क्रमाने काम उभं राहायला वेळ लागणार होता. अमावास्या 21 जूनला होती. पुढचं मोठं उधाण तेव्हा.

गावात खाराची खडान् खडा माहिती असलेले एक नाना आहेत. त्यांनी मला बांधावरच थांबवलं. म्हणाले, "भाऊसाहेब, कागद सावकाश करा. अष्टमी धरा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा जुना हिशेब. अष्टमीला भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, म्हणजे भर दुपारी ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर होतो, तो धरायचा. शिवाय अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी कमी चढतं. 13 जूनला वद्य अष्टमी होती. त्या दिवसापासून दोन-तीन दुपारी हातात होत्या, तेवढ्यात खांड बुजवायची.

आता प्रश्न पैशांचा. मातीच्या गोण्या, सुतळी, काथ्या, बांबू, मजुरांचा चहा-नाश्ता, एवढाच खर्च. पण ग्रामनिधी खाजगी जमिनीवर खर्च केला असा लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली सरपंचांच्या आणि माझ्या नावावर येते. ही भीती प्रत्येक ग्रामसेवकाच्या मनात असते आणि ती खोटी नाही. करोनामुळे ग्रामसभा घेता येत नव्हती. अंतर ठेवून मासिक सभा घेतली. दोन सदस्यांनी नियमावर बोट ठेवलं, त्यांचंही चुकत नव्हतं. तेव्हा सरपंच ताईंनी एकच विचारलं, "बांध खाजगी असूदे, विहीर कोणाची आहे?"

खालच्या आळीची पिण्याची विहीर खाराच्या काठाला आहे, ग्रामपंचायतीच्या मालकीची. वीज गेल्यामुळे नळयोजना बंद होती आणि अख्खी आळी त्याच विहिरीवर होती. सभा थांबवून आम्ही सगळे तिथे गेलो. पोहऱ्याने पाणी काढून प्रत्येकाने चाखलं. मचूळ लागत होतं. आक्षेप घेणाऱ्या सदस्यांपैकी एकाने दोनदा चाखलं आणि म्हणाला, ठराव लिहा. मी लिहिला: सार्वजनिक पाणवठा आणि स्मशानभूमीचा रस्ता यांच्या रक्षणासाठी आपत्कालीन दुरुस्ती. सोबत जागेची मापं, फोटो आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीला पाठवल्याची पोच जोडली. तहसीलदार साहेबांना समक्ष भेटून प्रत दिली. त्यांनी वाचलं, आवक करून घेतलं आणि म्हणाले, काम सुरू करा, रोजगार हमीचा प्रस्ताव मी मागून वर पाठवतो.

पोकलेन आणायचा विचार झाला होता, पण बांधाचा माथा इतका मऊ की मशीन खांडीपर्यंत पोचण्याआधीच रुतलं असतं. काम हातानेच होणार होतं. मेढी ठोकायला लाकूड हवं होतं, ते वादळानेच पाडून ठेवलं होतं. वाडीवाल्यांना अट एकच, आधी पंचनामा. जिथे तो झाला होता तिथल्या पोफळीचे सोट त्यांनी एक पैसा न घेता दिले. आयुष्यभर जपलेली वाडी डोळ्यांदेखत तुकड्यांनी उचलली जात होती, तरी एक काकू स्वतः पुढे होऊन "हा घ्या, हा सरळ आहे" असं दाखवत होत्या. टाळेबंदीत मुंबईहून आलेली पोरं गावातच होती, त्यामुळे हातांची कमतरता नव्हती.

अष्टमीला पाणी उतरायला लागल्याबरोबर नानांनी खांडीच्या दोन्ही कडांवर जुनी, घट्ट माती लागेपर्यंत सैल चिखल काढायला लावला. नवी माती जुन्या मातीला धरली नाही तर सगळं फुकट, हे त्यांचं पहिलं वाक्य. मग सोटांच्या दोन ओळी ठोकल्या, आतून बांबू आडवे बांधले, मध्ये पेंढा आणि मातीच्या गोण्या, आणि त्यावर चिकणमातीचे गोळे, पायाने तुडवून. कांदळवनाच्या बाजूची माती घ्यायची नाही हे मी आधीच सांगितलं होतं, म्हणून माती आतल्या शेतांतून. ज्यांच्या शेतात खड्डे पडले त्यांनी तक्रार केली नाही. बायका डोक्यावरून घमेली वाहत होत्या, रांगेत हातोहात गोळे पुढे जात होते. मधलं शेवटचं तोंड सगळ्यांत अवघड. दोन्ही बाजू जवळ आल्या की पाण्याला तेवढीच वाट उरते आणि ओढ वाढते. ते तोंड ओहोटीच्या अगदी तळाला, पाणी थांबलेलं असताना, एका दमात बुजवलं. त्या वेळी मीही चिखलात होतो. भरती लागली, पाणी नव्या मातीपर्यंत आलं, एका जागी झरपलं. तिथे लगेच दोन पोरांनी पेंढ्याचा बोळा दाबला आणि वर गोण्या टाकल्या. पाणी थांबलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. 14 जूनला मुंबईत मान्सून पोचल्याचं जाहीर झालं, आमच्याकडेही धो धो होता. पावसात माथा चढवला, उतार धोपटून घेतला. 21 तारखेच्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं. त्या दिवशी भरतीच्या वेळी बरेच लोक ग्रहण न पाळता बांधावर होते. बांधाने दम धरला.

सगळा खार वाचला असं नाही. खोलगट भागात त्या वर्षी लावणी झालीच नाही. मधल्या पट्ट्यात ज्यांनी पनवेल संशोधन केंद्राची क्षारसहिष्णू वाणं लावली त्यांना थोडं पीक आलं. वरच्या शेतांत बऱ्यापैकी आलं. विहिरीचा गाळ काढून, उपसा करून ती पावसाळ्यात गोडी झाली. दिवाळीनंतर रोजगार हमीतून बांधाचं पक्कं मातीकाम मंजूर झालं. रोज 238 रुपये दर होता, हजेरीपटावर निम्म्याहून जास्त बायका होत्या. लेखापरीक्षकांनी ग्रामनिधीच्या खर्चावर विचारलं. ठराव, मापं, फोटो आणि पाण्याचा तपासणी अहवाल समोर ठेवल्यावर आक्षेप लागला नाही.

खाडीकाठच्या माझ्या सहकाऱ्यांनी एक काम नक्की करावं. मे महिन्याआधी आपल्या हद्दीतल्या खाजगी बांधांची नोंदवही तयार करा: कोणत्या गटांतून जातो, लांबी किती, उघाड्या कुठे, कच्ची जागा कोणती, आत कोणता सार्वजनिक पाणवठा किंवा रस्ता येतो. वर्षाच्या आराखड्यात आणि रोजगार हमीच्या कामांच्या यादीत त्यातली कच्ची जागा आधीच घालून ठेवा, म्हणजे वादळानंतर मान्यतेची पहिली पायरी चढलेली असते. आम्ही ती नोंदवही पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण केली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा बांध दोन ठिकाणी खचला. दोन्ही जागा मापांसह यादीत होत्या. सरपंच ताईंनी दुसऱ्या दिवशी पत्रावर सही केली आणि मी ते घेऊन तालुक्याला गेलो.