बीच व्हॉलीबॉल : गुणपद्धत बदलली ते ठीक, पण मैदान का आकसले?

व्यावसायिक बीच व्हॉलीबॉलमधील जुन्या आणि नव्या नियमांचा वाद निघाला की बोलणारे लगेच दोन गटांत विभागले जातात. एका गटाला २००१ पूर्वीचे सारे सोन्यासारखे वाटते, तर दुसऱ्याला ते सारे कालबाह्य वाटते. या वादाची खरी अडचण अशी की, २००१ च्या हंगामात आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफआयव्हीबीने, दोन वेगवेगळे बदल एकाच वेळी लागू केले आणि अमेरिकेतील एव्हीपी या व्यावसायिक मालिकेनेही ते स्वीकारले. पहिला बदल गुण मोजण्याच्या पद्धतीत होता, दुसरा मैदानाच्या आकारात. दोन्ही एकत्र आल्यामुळे त्यांचा निवाडाही एकत्रच होत राहिला. माझ्या मते पहिला बदल आवश्यक होता आणि त्यात थोडी दुरुस्ती हवी आहे. दुसऱ्याची मात्र गरजच नव्हती.

आधी गुणांविषयी. जुन्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीलाच मिळत असे. समोरच्या जोडीने रॅली जिंकली तर केवळ सर्व्हिस चेंज व्हायची आणि धावफलक होता तिथेच राहायचा. सामना बहुधा १५ गुणांच्या एकाच सेटचा असे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, म्हणजे हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथमच आला तेव्हा, कार्च किराय आणि केंट स्टेफेस यांनी सिंजिन स्मिथ आणि कार्ल हेंकेल यांना उपांत्यपूर्व फेरीत हरवले तो सामना अशाच एका सेटमध्ये १७-१५ असा संपला होता आणि जुन्या पद्धतीचे समर्थक आजही त्याचाच दाखला देतात. २००० चे सिडनी ऑलिंपिकही याच पद्धतीने झाले; तेथील पुरुषांच्या १२-१२ गुणांच्या सेटच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या डेन ब्लँटन आणि एरिक फोनोइमोआना यांनी ब्राझीलच्या जोडीला १२-११, १२-९ असे नमवले. नव्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, पहिले दोन सेट २१ गुणांचे आणि गरज पडल्यास तिसरा १५ गुणांचा असतो.

हा बदल दूरचित्रवाणीसाठी झाला, असे कुत्सितपणे म्हटले जाते. ते बरेचसे खरेही आहे, पण त्यामुळे तो चुकीचा ठरत नाही. बीच व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस घेणारी जोडी पहिला हल्ला करते आणि म्हणून बहुतेक रॅली तीच जिंकते. दोन तुल्यबळ जोड्या समोरासमोर आल्या की जुन्या पद्धतीत सर्व्हिस इकडून तिकडे फिरत राहायची आणि गुण मात्र हलत नसे. वाळूत तापलेल्या खेळाडूंची ती तपश्चर्या पाहणे मला स्वतःला आवडते. जुन्या सामन्यांची चित्रफीत लावली की मी सहसा शेवटपर्यंत पाहतो. पण एका मैदानावर दिवसभरात अनेक सामने लावायचे असतील आणि पुढचा सामना केव्हा सुरू होईल हेच सांगता येत नसेल, तर आयोजकाने, प्रेक्षकाने आणि त्या पुढच्या सामन्यासाठी अंग गरम करून बसलेल्या खेळाडूने करायचे तरी काय?

जुन्या पद्धतीतील एक गोष्ट मात्र या बदलात हरवली, आणि ती किरकोळ नाही. तेव्हा सामना जिंकायचा तर शेवटचा गुण स्वतःच्या सर्व्हिसवरच मिळवावा लागे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा हल्ला ब्लॉकने तरी थोपवायचा, नाहीतर मागे झेपावून चेंडू उचलायचा आणि मग आपला हल्ला उभा करायचा. आज २०-१८ अशा आघाडीवर असलेल्या जोडीला प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस घ्यायची असली की पुढे काय घडते ते पाहा : एक नीट पास, एक सरळ सेट (म्हणजे जोडीदाराच्या फटक्यासाठी वर उचलून दिलेला चेंडू), एक स्मॅश आणि सामना संपला. सामन्यात वीसेक वेळा यशस्वी झालेली तीच नेहमीची क्रिया आणखी एकदा यशस्वी होते इतकेच. पिछाडीवरच्या जोडीला झुंज देण्याची संधी नावापुरतीच उरते.

यावर एव्हीपीने काढलेला तोडगा मला या संपूर्ण वादातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात तिने असा नियम आणला की, सामना मॅच पॉइंटवर, म्हणजे एका गुणाने संपेल अशा स्थितीला, पोहोचेपर्यंत प्रत्येक रॅलीला गुण द्यायचा. त्यानंतर मात्र दोन्ही जोड्यांना केवळ आपापल्या सर्व्हिसवरच गुण मिळेल. तेथे याला ‘फ्रीझ’ म्हणतात. वेळेचा अंदाज बऱ्यापैकी टिकतो आणि शेवट बचावाच्या बळावरच होतो. परंपरावाद्यांना हे अर्धवट वाटते आणि आधुनिकांना उगाचच गुंतागुंतीचे. दोघेही नाराज आहेत म्हणून नव्हे, तर पाच गुणांनी मागे पडलेली जोडी येथे खरोखर परत येऊ शकते म्हणून मला हा नियम पटतो. याच सुमारास एव्हीपीने नेटला लागून पलीकडे पडलेली सर्व्हिस पुन्हा करायला लावण्याची रीतही आणली. एफआयव्हीबीच्या नियमात असा चेंडू खेळात राहतो. नेटच्या पट्टीवर क्षणभर रेंगाळून पलीकडे घरंगळणाऱ्या चेंडूने गुण मिळावा यात कसले कौशल्य आहे, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

आता मैदान. पूर्वी प्रत्येक बाजू ९ मीटर बाय ९ मीटर होती, ती ८ बाय ८ झाली. ऐकायला एका मीटरचाच फरक वाटतो, पण क्षेत्रफळ ८१ चौरस मीटरवरून ६४ वर आले, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक जागा गेली. रॅली लांबतील, हा समर्थकांचा युक्तिवाद होता. बचाव करणाऱ्याला धावायला कमी अंतर उरते, त्यामुळे तो अगदीच निराधार नाही. पण लहान मैदानात नेटजवळच्या उंच ब्लॉकरच्या हातांआड झाकली जाणारी जागा तेवढीच राहते आणि मोकळी जागा आटते. शिवाय सर्व्हिस घेणाऱ्या प्रत्येकाला साडेचारऐवजी चारच मीटर रुंदी सांभाळायची असल्याने पासही सोपा होतो. पुरुषांचे नेट पूर्वीइतकेच, २.४३ मीटर उंचीचे राहिले आणि त्यामागे फिल डॅलहाउसरसारखे २.०६ मीटर उंचीचे खेळाडू उभे राहू लागले. २००८ मध्ये टॉड रॉजर्सच्या साथीने त्याने मिळवलेले ऑलिंपिक सुवर्ण निखळ गुणवत्तेचे होते, याबद्दल दुमत नाही. प्रश्न इतकाच आहे की, नियमाने उंचीला आणखी हातभार का लावावा?

लहान मैदानाने चेंडूवरचे कसब संपवले, ही तक्रार मात्र अतिशयोक्त आहे. किराय स्वतः जुन्या मैदानाचा राजा होता, तरी २००५ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी त्याने हंटिंग्टन बीचची स्पर्धा नव्या नियमांनुसारच जिंकली. अलीकडचे उदाहरण स्वीडनच्या डेव्हिड ओमान आणि योनातान हेल्विग यांचे आहे. त्यांच्यापैकी एक जण सेट देण्यासाठी उडी घेतो तेव्हा तो दुसऱ्याच स्पर्शात चेंडू पलीकडे मारणार की जोडीदाराला देणार, हे ब्लॉकरला शेवटपर्यंत कळत नाही. या खेळाच्या जोरावर त्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा अंतिम सामना २१-१०, २१-१३ असा एकतर्फी केला. त्यासाठी एकही नियम बदलावा लागला नाही.

ज्या जुन्या नियमांना कोणी हात लावला नाही, त्यांनी खेळाला किती धार दिली आहे हेही पाहण्यासारखे आहे. उघड्या बोटांच्या टोकांनी चेंडू अलगद पलीकडे टाकणे येथे निषिद्ध आहे. म्हणून खेळाडू बोटे मुडपून पेरांनी चेंडू ढकलतात, आणि त्यासाठी मनगट ज्या कोनात वळवावे लागते ते जवळून पाहिले तर तेही एक वेगळे कसबच आहे हे लक्षात येते. ब्लॉकला लागलेला चेंडू तीनपैकी पहिला स्पर्श मानला जातो, त्यामुळे तो सावरायला फक्त दोनच स्पर्श उरतात. बोटांनी दिलेल्या सेटमधील दुहेरी स्पर्शाबाबत पंच पूर्वी फारच कडक असत, आता काहीसे सैल झाले आहेत. मला ही ढिलाई फारशी आवडत नाही, पण त्यासाठी भांडावे इतकी ती गंभीर नाही.

मैदान पुन्हा ९ मीटरचे करावे, अशी माझीही मागणी नाही. दोन दशकांहून अधिक काळ खेळाडूंच्या पिढ्या ८ मीटरवरच घडल्या आहेत. पण ऑलिंपिक पात्रतेशी संबंध नसलेल्या एखाद्या दुय्यम स्पर्धेत रुंदी तेवढी वाढवून आणि मॅच पॉइंटला ‘फ्रीझ’ लावून एक हंगाम खेळवायला महासंघाला काहीच हरकत नसावी. वाळूवरच्या सीमारेषा म्हणजे पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याच असतात. त्या दोन्हीकडून अर्धा-अर्धा मीटर सरकवायला कोणतेही बांधकाम करावे लागत नाही.