तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्धिबळाचा जगज्जेता कॅपाब्लांका, त्याच्या डावात नेमकं बघायचं काय?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "तुम्ही आधी कॅपाब्लांकाचे डाव लावून बघायला सांगता. बघितले. पण त्यात काही घडतच नाही! चार मोहरे इकडचे गेले, चार तिकडचे गेले, आणि समोरच्यानं डाव सोडला. त्यापेक्षा मोहरे देऊन हल्ला चढवणाऱ्या तालचे डाव दाखवले तर पोराला गोडी तरी लागेल."

तालनं गोडी लागते, यात वाद नाही. पण तालची चाल बघून "वा!" म्हणता येतं, स्वतःच्या डावात ती आणता येत नाही. कॅपाब्लांकाची आणता येते, फक्त नजर कुठं ठेवायची ते कळायला हवं. मोहरे मारले जातात तेव्हा आपण गेलेल्या मोहऱ्यांकडे बघतो, आणि तो उरलेल्यांकडे बघायचा. त्याची सगळी शैली यात आली. बाकीचं तपशिलानं सांगतो.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. होसे राउल कॅपाब्लांका, जन्म १९ नोव्हेंबर १८८८, हवाना. चौथ्या वर्षी वडिलांचा खेळ बघून शिकला. १९०१ मध्ये, वयाची तेरा वर्षं जेमतेम भरत असताना, क्युबाच्या हुआन कोर्सोला सामन्यात हरवलं. १९०९ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक मार्शलला ८ विजय, १ हार, १४ बरोबरी असं सरळ मोडलं. १९११ ची सान सेबास्तियान स्पर्धा जिंकली. तिथं या पोराला घेतलंच कशाला, अशी हरकत घेणाऱ्या बर्नस्टाइनला त्यानं हरवलं, आणि त्या डावाला सुंदर खेळाचं बक्षीसही मिळालं. १९२१ मध्ये हवानातच इमॅन्युएल लास्करकडून जगज्जेतेपद घेतलं. लास्कर २७ वर्षं त्या गादीवर होता. सामन्याचे चौदा डाव झाले: चार जिंकले, दहा बरोबरीत, हार एकही नाही. १० फेब्रुवारी १९१६ ते २१ मार्च १९२४ या आठ वर्षांत तो एकही अधिकृत डाव हरला नाही. ६३ डाव, ४० विजय, २३ बरोबऱ्या. ती मालिका न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीनं तोडली.

त्याच १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला तार्ताकोवरविरुद्धचा डाव घ्या. कॅपाब्लांका पांढरा, समोर डच बचाव ही काळ्याची सुरुवात. (घरांच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूनं मोजलेली आडवी रांग.) २५ व्या आणि २६ व्या चालीत वजीर गेले, एकेक हत्तीही गेला. इथं पोरं म्हणतात, "सपाट झाला डाव." थांबा आणि मोजा काय उरलं. पांढऱ्याकडे डी-३ वरचा उंट, एक हत्ती, आणि एच-४ पर्यंत आधीच पुढं सरकवलेलं प्यादं. काळ्याकडे एक हत्ती आणि ए-५ वर, पटाच्या कडेला, बिनकामाचा घोडा. म्हणजे जिथं लढाई व्हायची आहे तिथं काळ्याचा एक मोहरा हजरच नाही. लगेच २७ व्या चालीला एच-५. एच पट्टी उघडते, हत्ती एच-१ वर येतो आणि तिथून एच-७ वर. काळा राजा शेवटच्या रांगेत कोंडला जातो.

आता ३४ व्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडा. पांढरा: राजा एफ-३, हत्ती एच-७, प्यादी ए-४, सी-३, डी-४, एफ-४, जी-५. काळा: राजा एफ-८, हत्ती सी-६, प्यादी ए-७, बी-६, सी-७, डी-५, एफ-५. चाल पांढऱ्याची. काळा हत्ती सी-३ चं प्यादं खायला टपलाय. मुलांना ही स्थिती दिली की पहिला हात हत्तीकडे जातो. एच-३ वर आणायचा, प्यादं वाचवायचं. तीच चूक. हत्ती सातवी रांग सोडतो, काळा राजा मोकळा होतो, आणि जिंकायचा डाव रेंगाळतो.

कॅपाब्लांकानं ३५ व्या चालीला राजा जी-३ वर नेला. काळ्यानं शह देत सी-३ खाल्लं, राजा एच-४. हत्ती एफ-३ वर आला, इकडून प्यादं जी-६. हे प्यादं आधी का सरकवलं? कारण राजाला जी-५ हे घर हवंय आणि तिथं आपलंच प्यादं बसलंय. काळ्यानं शह देत एफ-४ ही खाल्लं, राजा जी-५ वर आला आणि आता त्या हत्तीवरच मारा झाला. हत्ती ई-४ वर पळाला. मग ३९ वी चाल: राजा एफ-६. पाच चालींत राजा समोरच्या राजाच्या छातीवर. काळा दोन प्यादी पुढे आहे, आणि हत्ती एच-८ वर जाऊन मात होण्याची धमकी आहे.

इथली बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एफ-५ चं काळं प्यादं राजाला फुकट खाता येत होतं. त्यानं खाल्लं नाही. कारण ते प्यादं एफ पट्टीवर आडवं उभं असल्यानं काळ्या हत्तीला खालून शह देताच येत नाही. शत्रूचंच प्यादं राजाच्या डोक्यावर छत्री धरून उभं होतं. काळ्या राजाला एच-८ च्या कोपऱ्यात ढकलून, सी-७ चं प्यादं मारून, काळ्या हत्तीला मात अडवायला ई-८ वर यायला लावल्यावरच, ४२ व्या चालीला, त्यानं एफ-५ खाल्लं. त्यानंतर ए-७ गेलं, डी-५ गेलं. ४७ व्या चालीपर्यंत दोन प्यादी मागे असलेला पांढरा दोन प्यादी पुढे होता. ५२ व्या चालीला तार्ताकोवरनं डाव सोडला.

यात बळी आहे, राजाचा हल्ला आहे, माताची धमकी आहे. "काही घडत नाही" म्हणणाऱ्यानं नक्की काय बघितलं, असा प्रश्न मला पडतो.

दुसरा डाव लास्करविरुद्धचा, १९२१ च्या सामन्यातला दहावा. कॅपाब्लांका काळा. लास्करकडे डी-४ वर एकटं पडलेलं प्यादं, शेजारच्या पट्ट्यांत आधाराला कुणी नाही. अशा प्याद्याविरुद्ध काय करायचं हे पुस्तकात एका ओळीत असतं: हलके मोहरे, म्हणजे घोडे-उंट, कमी करा. कसं करायचं ते या डावात दिसतं. दोन्ही उंटांच्या जोड्या आणि घोड्यांची एक जोडी २० व्या चालीपर्यंत संपली. उरलेला घोडा एफ-५ वर बसवला, तिथून तो डी-४ वर डोळा ठेवून. त्याला हाकलायला पांढऱ्याचं जी प्यादं पुढं येऊ नये म्हणून एच-५, आणि मग एच-४. पण एका कमजोरीवर डाव जिंकता येत नाही, समोरचा सगळे मोहरे लावून ती राखतो. म्हणून दुसऱ्या बाजूला ए प्यादं ए-५, ए-४ असं चालवलं. वजीर मारले गेले, ए प्याद्यांची अदलाबदल झाली, आणि बी-३ चं प्यादं उघडं पडलं. आता राखायची ठिकाणं दोन आणि राखणदार अपुरे. ४४ व्या चालीला बी-३ पडलं. डाव ६८ चालींपर्यंत चालला, पण तो इथंच संपला होता.

आता उलट बाजू. मोहरे कमी केले की धोका कमी होतो, हा समज या डावांतून मुलं उचलतात आणि पुढच्याच स्पर्धेत त्यावर मार खातात. याचं औषध कॅपाब्लांकाच्याच हारेत आहे. १९१४, सेंट पीटर्सबर्ग. अंतिम फेरीत तो लास्करपेक्षा दीड गुणाची आघाडी घेऊन उतरला होता. लास्करला विजय हवाच होता, तरी त्यानं रुय लोपेझ या सुरुवातीत चौथ्या चालीला उंट देऊन घोडा घेतला आणि सातव्या चालीपर्यंत वजीरही काढून टाकले. बरोबरीची तयारी वाटावी अशी. कॅपाब्लांकाकडे उंटांची जोडी होती, पण ती त्यानं टिकवली नाही. १२ व्या चालीला लास्करचं प्यादं एफ-५ वर आलं, १६ व्या चालीला घोडा ई-६ वर रुतला, आणि पुढं काळ्याचे मोहरे एकमेकांच्या पायात अडकले. ४२ चालींत हार. दुसऱ्या दिवशी डोकं जागेवर नसल्यासारखा तो टाराशकडूनही हरला, आणि स्पर्धा अर्ध्या गुणानं गेली. अदलाबदलीचा बादशहा अदलाबदलीतच फसला, कारण त्या वेळी काय उरावं हे लास्करनं ठरवलं होतं.

ओपनिंगमध्येही हेच तत्त्व. वजिराच्या बाजूच्या नकारलेल्या गॅम्बिटमध्ये (पांढरा सी-४ वर प्यादं देऊ करतो, काळा ते लगेच घेत नाही) काळ्याचा डाव आवळलेला असतो, सी-८ च्या उंटाला श्वास घ्यायला जागा नसते. कॅपाब्लांकाची मोकळं होण्याची पद्धत आजही शिकवतात: डी-५ च्या प्याद्यानं सी-४ मारायचं, घोडा डी-५ वर आणून जी-५ चा उंट ई-७ वर अदलाबदलीला लावायचा, मग सी-३ चा घोडा मारायचा, आणि ई-५. दोन मोहरे कमी झाले, जागा झाली. इथं चूक होते ती वेळेची. पांढऱ्याचा उंट डी-३ वर येईपर्यंत सी-४ मारायचं नाही. तो एकदा डी-३ वर आला की सी-४ परत मारण्यात त्याची एक चाल फुकट जाते. घाई केली तर ती चाल आपलीच जाते, आणि मग ई-५ जमवणं अवघड होतं.

"म्हणजे तो नुसता एंडगेमवाला", म्हणजे मोजके मोहरे उरल्यावरच्या खेळातला, असं ऐकलं की बर्नस्टाइनविरुद्धचा मॉस्कोचा १९१४ चा प्रदर्शनी डाव दाखवावा. २९ वी चाल, काळा वजीर बी-२. वजीर मारावा तर हत्ती डी-१ वर येऊन मात, कारण पांढऱ्या राजापुढची तिन्ही प्यादी जागची हललेलीच नाहीत. न मारावा तर सी-३ चा हत्ती जातो. बर्नस्टाइननं डाव सोडला.

मग १९२७ मध्ये जगज्जेतेपद अलेखाइनकडे गेलं, ते कसं? हा जोडप्रश्न ठरलेला असतो. त्या वर्षी न्यूयॉर्कची स्पर्धा त्यानं एकही डाव न हरता, अलेखाइनपेक्षा अडीच गुण जास्त घेऊन जिंकली होती. तोवर अलेखाइननं त्याला एकदाही हरवलेलं नव्हतं. ब्यूनोस आयर्सला जगज्जेतेपदाच्या सामन्याचे ३४ डाव झाले: अलेखाइन ६, कॅपाब्लांका ३, बरोबऱ्या २५. चौतीसपैकी बत्तीस डावांत तोच नकारलेला गॅम्बिट. आळस हे कारण सगळे देतात, आणि त्यात तथ्य आहे. अलेखाइननं त्याचे डाव उकलून ठेवले होते, यानं तसं काही केलं नाही. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. कॅपाब्लांकाला बरोबर चाल इतकी लवकर दिसायची की ती तपासायची सवयच राहिली नव्हती. बहुतेकांविरुद्ध तेवढं पुरतं. सत्ताविसाव्या डावात राजाची एक चाल चुकली आणि जिंकत आलेला डाव सततच्या शहांनी बरोबरीत गेला. शेवटचा, चौतिसावा डाव हत्तींच्या एंडगेममध्ये गेला, आणि ए पट्टीवरचं मोकळं प्यादं घेऊन अलेखाइननं तो ८२ चालींत जिंकला. कॅपाब्लांकाला, हत्तींच्या एंडगेममध्ये! परतीचा सामना कधी झाला नाही.

पुढची वर्षं अगदीच वाया गेली असंही नाही. १९३०–३१ च्या हेस्टिंग्जमध्ये तो आपल्या सुलतान खानकडून हरला खरा, पण १९३६ मध्ये मॉस्को जिंकलं आणि नॉटिंगहॅमला बोट्विनिकबरोबर पहिला आला. १९३८ च्या अॅव्ह्रो स्पर्धेत मात्र आठांत सातवा. ८ मार्च १९४२ ला न्यूयॉर्कमध्ये गेला.

संगणकाचा हवाला मागणाऱ्यांसाठी: गुइड आणि ब्रात्को या स्लोव्हेनियन संशोधकांनी २००६ मध्ये जगज्जेत्यांच्या चाली इंजिनाशी ताडून बघितल्या, तेव्हा सरासरी चूक सगळ्यांत कमी कॅपाब्लांकाची निघाली. सोप्या स्थितीत चूक कमीच होणार, हा आक्षेप रास्त आहे. पण स्थिती सोपी व्हायची ती त्याच्याच हातून.

आता घरी डाव कसा लावायचा. इंजिन बंद ठेवा. पुढच्या चाली कागदानं झाका. प्रत्येक अदलाबदलीला थांबा, आणि मोहरे उचलण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: दोघांकडे काय उरेल, उरलेल्यात सगळ्यांत वाईट मोहरा कुणाचा, आणि उघडलेल्या पट्टीवर आधी कोण पोचेल. मग कागद खाली सरकवा. एका डावाला तास-दीड तास जातो, त्यामुळे आठवड्याला दोन डाव पुरे. तार्ताकोवरची वरची स्थिती मुलाला पांढऱ्याकडून तुमच्याविरुद्ध खेळायला द्या, उत्तर न सांगता. हत्ती एच-३ वर गेला तर जाऊ द्या, डाव पुरा खेळा, आणि मगच राजाची वाट दाखवा. मात्र त्याआधी हत्ती-प्याद्याविरुद्ध हत्ती हा मूळ एंडगेम, म्हणजे लुसेना आणि फिलिडोरच्या स्थिती, हातात बसलेल्या असाव्यात. कॅपाब्लांकाचं स्वतःचं १९२१ चं पुस्तकही साध्या मातांपासूनच सुरू होतं. त्या स्थिती येत नसतील तर काय उरलंय ते दिसेल, पण ते जिंकणारं आहे की बरोबरीचं हे कळणार नाही, आणि अदलाबदल करायची की नाही हे तिथंच ठरतं.

तालचे डाव त्यानंतर काढा. तोपर्यंत पोरगं स्वतःच विचारतं, इतके मोहरे दिल्यावर याच्याकडे उरलं काय.