कापडावर उठणारा शिक्का

कचेरीत शिक्का आपटायची रीत आहे. पॅडवर धप्प, कागदावर धप्प, चला पुढचा. हाच हात घेऊन कोणी रुमालावर वेलबुट्टी उठवायला बसलं, तर पहिल्याच दणक्यात फुलाचं भजं होतं. कागद ताठ, गुळगुळीत. कापडात रंग धाग्याधाग्याने पळतो, आणि जोर जितका जास्त तितका लांब पळतो.

संक्रांतीच्या वाणाचे बटवे, बाळंतविड्यातली दुपटी, रुखवतातले टेबलमॅट अशा साध्या कापडी वस्तू रबरी ठशांनी फार थोड्या खर्चात खुलतात. त्यासाठी घट्ट विणीचं सुती कापड घ्यावं; पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक सगळ्यात उत्तम. मांजरपाट स्वस्त पडतो, पण त्याच्या भरड विणीत बारीक रेघा तुटतात, म्हणून त्यावर ठसठशीत कोयरी किंवा पानच शोभतं. पॉलिएस्टरच्या वाटेला जाऊ नये. रंग वरवर बसतो आणि तो पक्का करायला लागते तेवढी गरम इस्त्री त्या कापडाला सोसत नाही.

कोरं कापड आधी धुवायलाच हवं. त्यात खळ असते. रंग धाग्यावर न बसता खळीवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात तिच्याबरोबर निघून जातो. धुताना कंडिशनर घालू नये, त्याचाही थर आड येतो. शिवाय कापड काय आटायचं ते आधीच आटून घेतं.

स्टॅम्प पॅडची जांभळी शाई इथे कामाची नाही, पाणी लागताच पसरते. फॅब्रिक कलर घ्यावेत. घरात अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर त्यात फॅब्रिक मीडियम, म्हणजे रंग कापडावर मऊ ठेवणारं द्रावण, मिसळावं. साधारण दोन भाग रंगाला एक भाग, पण बाटलीवर लिहिलेलं प्रमाण खरं. नुसतं अ‍ॅक्रिलिक वाळलं की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. पाणी घालून रंग वाढवायचा मोह तर टाळाच.

खरी मेख रंग लावण्यात आहे. शिक्का रंगात बुडवायचा नाही. स्पंजचा इंचभर तुकडा रंगात टेकवायचा, बशीच्या कोरड्या भागावर दोनदा टिपायचा आणि मग शिक्क्यावर हलक्या हाताने थोपटायचा. शिक्का उजेडात तिरपा धरून बघावा: उंच भाग ओले चमकले पाहिजेत, खाचा कोरड्या. शिक्क्याच्या कडेला लागलेला रंग मोठा लबाड. तो ठशाभोवती फिकट चौकट सोडतो आणि ती दिसते शिक्का उचलल्यावरच. म्हणून दर खेपेला कड ओल्या फडक्याने पुसावी.

कापडाखाली जुन्या चादरीची एकच घडी पुरे. मऊ गादी झाली की शिक्का आत रुततो आणि कडा उमटतात. बटवा शिवलेला असेल तर आत पुठ्ठा सरकवावा, नाहीतर मागच्या बाजूलाही नक्षी फुकटात मिळते. शिक्का सरळ ठेवून मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर सारखा दाब द्यावा, तीन-चार सेकंद, न डोलवता. मग एका हाताने कापड धरून तो सरळ वर उचलावा. काठ छापताना आधी दोन्ही कोपरे, मग मधली जागा. एका टोकापासून सुरू केलं की शेवटी अर्धी कोयरी उरते. चुकून थेंब पडलाच तर पुसू नये. वाळू द्यावा आणि त्यावर एखादं छोटं पान छापावं.

नावाचा शिक्का खोडरबरातून घरीच कोरता येतो. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने सुलट लिहायचं आणि तो कागद खोडरबरावर पालथा घासायचा. अक्षरं आपोआप उलटी उतरतात. मात्र देवनागरी अक्षरांच्या गाठी फार नाजूक. उंची दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवली तर ‘भ’ आणि ‘क’ची पोटं रंगाने बुजतात. काम संपताच शिक्के साध्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवावेत. थिनर किंवा रॉकेलने रबर फुगतं.

छापलेलं कापड २४ तास सावलीत वाळवावं. मग उलट्या बाजूने, वाफ बंद करून, सुती कापडाच्या तापमानावर इस्त्री करावी; एकेका भागावर ३ ते ५ मिनिटं, हात फिरता ठेवून. पहिलं धुणं ७२ तासांनंतरच. दुपट्याचे कोपरे कोरेच ठेवावेत, बाळ नेमकं तेच तोंडात घालतं. आणि भेट देताना सोबत चिठ्ठी असावी: उलट करून धुवा, ब्रश लावू नका.