सातव्या कलमातला ‘आणि’

विद्वत परिषदेच्या त्या बैठकीत आमचा ठराव सतरावा होता. बैठक सकाळी अकराला सुरू झाली आणि आमच्यापर्यंत येईपर्यंत चार वाजले. दीड वर्षाचं काम होतं: संगणनाचं आंतरविद्याशाखीय महाविद्यालय, ज्यात भाषाविज्ञान, जीवशास्त्र, सांख्यिकी, इतिहास अशा विभागांतले शिक्षक आमच्यासोबत शिकवणार आणि संशोधन करणार. मी समन्वयक.

नवं कॉलेज म्हटलं की लोक इमारतीबद्दल विचारतात. आमचा सगळा वेळ गेला तो शिक्षकाचा पगार कुणाच्या खात्यातून निघणार, त्याचे तास कुणाच्या वर्कलोडमध्ये धरणार आणि त्याच्या बढतीची शिफारस कोण करणार, यात. यातलं एक जरी अधांतरी राहिलं, तर संयुक्त जागेवरचा, म्हणजे विभाग आणि महाविद्यालय दोन्हीकडे मिळून नेमलेला माणूस दोन दारांच्या मध्ये उभा राहतो.

अभ्यासक्रमाचं मात्र मला आजही समाधान आहे. प्रत्येक विभागाने आपापल्या विषयाच्या पूर्वअटी लिहून पाठवल्या होत्या, आणि सुटा वाचला तर प्रत्येक कागद निर्दोष होता. मी सगळ्यांचा मिळून एक ग्राफ केला, विषय म्हणजे बिंदू, पूर्वअट म्हणजे बाण, आणि त्यावर टोपॉलॉजिकल सॉर्ट, म्हणजे कुठला विषय आधी, कुठला नंतर हा क्रम लावून देणारी पद्धत, चालवलं. ते अर्ध्यात अडलं. सांख्यिकीच्या विदा-विश्लेषणाला (विदा म्हणजे डेटा) आमचं प्रोग्रॅमिंग आधी हवं होतं. प्रोग्रॅमिंगच्या नव्या आवृत्तीत खऱ्या प्रयोगांची विदा वापरायची, म्हणून त्याला जीवशास्त्राचा मोजमापाचा विषय आधी हवा. आणि मोजमापाच्या विषयाला सांख्यिकी! तीन विभागांच्या तीन अटींचं मिळून एक चक्र झालं होतं, आणि विद्यार्थ्याला यातला एकही विषय कधीच घेता आला नसता. तीन अभ्यासमंडळांतून मंजूर होऊन आलेले कागद होते हे. शेवटी प्रोग्रॅमिंगचे दोन-दोन क्रेडिटचे दोन भाग केले, पहिल्याला कसलीच पूर्वअट ठेवली नाही, आणि चक्र सुटलं. सांख्यिकीच्या सरांनी तो ग्राफ छापून आपल्या विभागाच्या दारावर लावला.

ठरावासोबतच्या टिपणात मी अमेरिकेतल्या विद्यापीठांचे दाखलेही दिले होते. कार्नेगी मेलनमध्ये १९८८ साली संगणकशास्त्राचं स्वतंत्र स्कूल झालं, जॉर्जिया टेकमध्ये १९९० साली कॉलेज. तेव्हा या विषयाला स्वतःचं घर हवं होतं. एमआयटीने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या कॉलेजचा रोख वेगळा होता. ५० नव्या शिक्षकांपैकी २५ जण इतर विभागांसोबत संयुक्तपणे नेमायचे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. बर्कलीत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कॉलेजच्या तर नावातच संगणन आणि विदाविज्ञानाच्या जोडीला ‘समाज’ आहे. आमच्याही आराखड्याचा कणा संयुक्त नियुक्त्या हाच होता, आणि त्या सातव्या कलमात होत्या.

कलम मी असं लिहिलं होतं: संयुक्त नियुक्तीवरील शिक्षकाचं मूल्यमापन एकच संयुक्त समिती करील, आणि ते नियुक्तीच्या वेळी लेखी ठरलेल्या निकषांवर होईल. एक ज्येष्ठ सदस्य उठले. म्हणाले, यामुळे दर्जाची घसरण होईल. ‘मूळ विभागाचे आणि महाविद्यालयाचे निकष पूर्ण केल्यास’ असा शब्दप्रयोग करावा. अशा बैठकांमध्ये दर्जाबद्दल सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्यांनी दुसऱ्या विभागातल्या माणसाबरोबर क्वचितच काम केलेलं असतं, हे माझं मत मी लपवत नाही.

मी उत्तर दिलं. इतिहासात पुस्तकाला जे वजन आहे ते आमच्याकडे, संगणकशास्त्रात, संशोधन परिषदेतल्या शोधनिबंधाला आहे. जीवशास्त्रात लेखकांच्या नावांचा क्रम पाहतात, गणितात नावं वर्णानुक्रमे लावतात, त्यामुळे तिथे क्रमावरून काहीच कळत नाही. आणि काही कामं कुणाच्याच यादीत बसत नाहीत. १९९३ च्या पेन ट्रीबँकचा दाखला दिला: इंग्रजीच्या ४५ लाखांहून जास्त शब्दांवर भाषेच्या जाणकारांनी व्याकरणाच्या खुणा केल्या, आणि त्यावर पुढे भाषा-संगणनाच्या कितीतरी प्रणाली शिकल्या. २००९ चं इमेजनेट हाही मुळात चित्रांचा संग्रहच. असा संग्रह उभारणं हे आपल्या निकषांत कुठे मोजायचं?

कुणी उत्तर दिलं नाही. पावणेपाच वाजले होते. पुढची बैठक चार महिन्यांनी, प्रवेशाची जाहिरात त्याआधी. कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं, “एवढी दुरुस्ती करून घेऊ. चालेल ना?”

मी म्हणालो, “चालेल.”

बाहेर भाषाविज्ञानाच्या मॅडम थांबल्या होत्या. सगळ्या विद्यापीठात संयुक्त जागेला पहिला होकार त्यांचा. त्या एका बोलीचा ध्वनिसंचय तयार करतात. ध्वनिमुद्रण कानाला लावून प्रत्येक उच्चार कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे लहरींच्या आलेखावर हाताने आखतात. आमच्या मुलांना त्यांनी ते शिकवताना मी पाहिलं होतं. एक मुलगा ‘च’ची सुरुवात चुकवत होता. त्यांनी तोच तुकडा सात-आठ वेळा वाजवला, मग त्याचा हात माउसवर ठेवून फक्त म्हणाल्या, “आता ऐका, आधी थोडी शांतता आहे.” त्याने रेघ सरकवली. एका मिनिटाच्या बोलण्याला तास-दीड तास जातो.

“झाला का ठराव, सर?”

“झाला. अभिनंदन.”

“आणि सातवं कलम?”

मी वाक्य सांगितलं. त्या जरा थांबल्या. “म्हणजे ‘आणि’. ‘किंवा’ नाही.”

“हो.”

“मग ध्वनिसंचय कुठल्या बाजूला धरायचा?”

‘आणि’ने जोडलेली प्रत्येक अट वाट अरुंद करते, हे मी दरवर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर मांडतो. बैठकीतही मला ते कळत होतं, आणि तरी मी होकार दिला. चार महिने थांबलो असतो तर पहिली तुकडी एक वर्ष पुढे ढकलली गेली असती. त्या साठ मुलांकडे पाहिलं की वाटतं बरोबर केलं. मॅडमचा प्रश्न आठवला की तसं वाटत नाही. हे दोन्ही एकत्र कसं धरायचं, ते मला दोन वर्षांनंतरही जमलेलं नाही.

त्यांनी जागा स्वीकारली. “काम तर हेच करायचंय ना,” एवढंच म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मध्यावधी मूल्यमापनाचा अर्ज माझ्या सहीसाठी आला. त्यात दोन रकाने आहेत, मूळ विभाग आणि महाविद्यालय. दोन्हीकडे त्यांनी प्रामाणिकपणे भरलंय: इकडे एक लेख, तिकडे एक शोधनिबंध, दोन्ही बाजूंच्या अपेक्षेपेक्षा कमी. ध्वनिसंचय खाली ‘इतर’मध्ये लिहिलाय. तिथे दोन ओळींची जागा आहे. मी सही अजून केलेली नाही. सातव्या कलमाच्या दुरुस्तीचा मसुदा कुलसचिवांकडे दिलाय, त्याला मॅडमचा अर्ज नाव झाकून जोडलाय, आणि या खेपेला ठराव पहिल्या पाचांत घ्यावा अशी लेखी विनंती केली आहे.