गेट-इन सकाळी ९:४२

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. सकाळी सव्वासहाला फोन वाजायला लागला तो थांबेचना. आमचा सीएचए म्हणजे कस्टम्स एजंट लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात कोणीतरी पीडीएफ टाकली होती, डीजीएफटीचं, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचं, नोटिफिकेशन, तारीख ७ डिसेंबर. कांद्याची निर्यात 'फ्री' होती ती 'प्रोहिबिटेड', ३१ मार्च २०२४ पर्यंत. मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचलं आणि पहिला विचार आला तो कांदा बाहेर पाठवणाऱ्या पिंपळगावच्या भाऊंचा, कारण त्यांचे तीन कंटेनर त्या क्षणी नेमके तीन वेगवेगळ्या जागी होते.

मी न्हावा शेव्याला एका कस्टम्स ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशन बघते, चौदा वर्षं झाली. शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), फायटो (माल रोगमुक्त असल्याचा दाखला), बीएल म्हणजे बोटीच्या पावतीचा ड्राफ्ट, शिपिंग लाइनशी भांडणं, सगळं आमच्याकडेच. माल मुख्यतः नाशिककडचा, कांदा, द्राक्षं, डाळिंब. त्यामुळे कांद्याचे नियम बदलणं आम्हाला नवीन नाही पण २०२३ मध्ये फारच झालं. १९ ऑगस्टला ४० टक्के ड्युटी लागली, मग २९ ऑक्टोबरपासून ती जाऊन टनाला ८०० डॉलर एमईपी (किमान निर्यात किंमत) आली, म्हणजे त्याच्या खाली बिलच टाकता येत नाही. किलोला ६६-६७ रुपये झाले, त्या भावात घेणारे किती उरणार, ऑर्डरी एकदम कमी झाल्या. त्यात २६ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस आणि गारपिटीने निफाडच्या बाजूला झोडपून काढलं, त्यामुळे चांगला लाल कांदा निवडून तीन कंटेनर भरणं हीच मोठी गोष्ट होती. भाऊंनी खळ्यावर आठ दिवस माणसं लावून माल निवडला होता.

ऑर्डर मलेशियाची, पोर्ट क्लांग, सीएफआर. इथे एक गोष्ट सांगते कारण पुढे तिच्यावरूनच वाद झाला. एमईपी मोजतात एफओबी किमतीवर, म्हणजे बोटीचं भाडं सोडून, आणि भाऊंचा सौदा होता सीएफआर, म्हणजे भाडं आत धरून टनाला ८८० डॉलर. मग आधी भाडं वजा करायचं, कंटेनरला १४५० डॉलर, माल २९ टन, टनाला ५० डॉलर गेले, उरले ८३०, म्हणजे ८०० च्या वर, चालतंय. हे गणित बरेच जण करत नाहीत आणि सीएफआरचा आकडा बघून खूश होतात, मग शिपिंग बिलला क्वेरी पडते तेव्हा पळापळ.

दुसरं म्हणजे मी तिन्ही कंटेनरची शिपिंग बिलं वेगवेगळी टाकली होती. भाऊ म्हणत होते ताई एकच टाका, एकच पार्टी आहे, एकच बोट आहे, उगाच खर्च. मी म्हटलं भाऊ नाही, तीन ट्रेलर आहेत, कसाऱ्यापासून कळंबोलीपर्यंत कोण कुठे अडकेल सांगता येत नाही, एक मागे राहिला तर त्याच्यासाठी बाकीचे दोन लटकतील. तेव्हा बंदीबिंदी माझ्या डोक्यातही नव्हती, साधी ट्रॅफिकची भीती होती.

तर त्या सकाळी परिस्थिती अशी. पहिला कंटेनर ६ तारखेच्या रात्रीच टर्मिनलमध्ये गेलेला, एलईओ म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, माल बोटीवर चढवायची कस्टम्सची परवानगी, झालेली. दुसरा ७ तारखेला सकाळी ९:४२ ला आत गेला, पण त्याची एलईओ बाकी होती, फायटोमध्ये गोण्यांची संख्या चुकून आली होती ती दुरुस्त होऊन यायची होती. तिसऱ्याचा कसाऱ्याला टायर फुटला, रात्री उशिरा दुरुस्त होऊन निघाला आणि पार्किंग प्लाझाला पोचला ८ तारखेला सकाळी सातनंतर. बोट होती १० तारखेची.

मी नोटिफिकेशन पुन्हा नीट वाचलं. अशा बंदीत आधीच निघालेल्या मालाला सहसा सूट ठेवतात आणि ती शेवटी असते, घाईत लोक पहिली ओळ वाचून थांबतात. इथे तीन सवलती होत्या. बंदीच्या आधी बोटीत भरायला सुरुवात झाली असेल तर, शिपिंग बिल टाकलेलं असून बोट बंदरात लागली किंवा नांगरून उभी असेल आणि तिला रोटेशन नंबर (त्या फेरीचा कस्टम्सकडचा नोंदणी नंबर) मिळालेला असेल तर, आणि तिसरी म्हणजे माल नोटिफिकेशनच्या आधी कस्टम्सच्या ताब्यात दिला असेल किंवा कस्टम्स स्टेशनमध्ये शिरलेला असेल आणि कस्टोडियनच्या कॉम्प्युटरवर तारीख-वेळेसकट त्याची नोंद असेल तर. कस्टोडियन म्हणजे इथे टर्मिनल. असा माल ५ जानेवारी २०२४ पर्यंत जाऊ शकत होता. आमची बोट अजून आलीच नव्हती, म्हणजे पहिल्या दोन सवलती गेल्या. उरली तिसरी. आणि तिसरीत सगळं काही गेट-इनच्या, म्हणजे टर्मिनलच्या गेटातून आत शिरल्याच्या, वेळेवर.

साडेसातला आमच्या डॉकवरच्या काकांना फोन केला, म्हटलं काका बाकी सगळं सोडा, दुसऱ्या कंटेनरची गेट-इन स्लिप ताब्यात घ्या आणि फोटो पाठवा. काकांची पस्तीस वर्षं डॉकमध्ये गेली, त्यांना जास्त सांगावं लागत नाही, पंधरा मिनिटांत फोटो आला. मग मी टर्मिनलच्या साईटवरून कंटेनर नंबर टाकून स्टेटस काढलं, तिथेही ०७ डिसेंबर ०९:४२. कंटेनरच्या ई-सीलचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कुलपाचं, रीडिंगही होतं.

दहाला कस्टम्सच्या ऑफिसात पोचले तर बाहेर रांग. कांदेवाले, त्यांचे सीएचए, एकदोन ट्रान्सपोर्टवाले, सगळ्यांच्या हातात तीच पीडीएफ. तिकडे लासलगावला लिलाव बंद पडल्याची आणि चांदवडला मुंबई-आग्रा हायवे अडवल्याची बातमी आली, फोनवर व्हिडिओ फिरत होते. माझ्या शेजारी एक पोरगा उभा होता, पंचविशीचा, त्याचे चार कंटेनर अजून हायवेवरच होते. तो कोणाशीच बोलत नव्हता, नुसता फोनवर ट्रेलरचं लोकेशन बघत होता.

पहिल्या कंटेनरला काही अडचण आली नाही. दुसऱ्याला साहेब म्हणाले, मॅडम नोटिफिकेशन ७ तारखेचं आहे, तुमचं गेट-इनही ७ तारखेचंच आहे, 'आधी' कसं म्हणायचं? साहेबांची चूक नव्हती, सही त्यांना करायची होती आणि पुढे ऑडिटमध्ये कोणी विचारलं तर उत्तरही त्यांनाच द्यायचं होतं. पण मला पटेना. तारीख एक असली तरी सकाळ आणि रात्र एक कशी?

तेव्हा मला अटारी बॉर्डरचं प्रकरण आठवलं. पुलवामानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली. ते नोटिफिकेशन ई-गॅझेटवर चढलं रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी आधी ज्यांनी अटारीला बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) टाकली होती त्यांच्याकडूनही कस्टम्सने २०० टक्के मागितले, म्हणणं एकच की तारीख तीच आहे. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये निकाल आला की गॅझेट आता इलेक्ट्रॉनिक आहे, ते ज्या क्षणी चढलं त्या क्षणापासूनच लागू, त्याआधी त्याच दिवशी केलेल्या कामाला नाही. जी. एस. चठ्ठा राइस मिल्स या नावाने तो निकाल मिळतो. मी तो तेव्हा नुसता कुतूहल म्हणून वाचला होता, कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. (आमच्या धंद्यातल्या नवीन मुलांना मी आवर्जून वाचायला लावते, मोठा आहे पण वाचा.)

गॅझेटच्या पीडीएफवर डिजिटल सही असते आणि तिच्यात वेळ असते, आपण कधी बघत नाही. मी ऑफिसात परत आले, प्रिंट काढली, सहीची वेळ पेनाने गोल केली, ती आमच्या ९:४२ च्या नंतरची होती. मग दीड पानाचं पत्र लिहिलं. वर नोटिफिकेशनमधली तिसरी सूट जशीच्या तशी, खाली गेट-इन स्लिप, टर्मिनलची नोंद, ई-सीलचं रीडिंग, आणि शेवटी सुप्रीम कोर्टाचा निकाल. साहेबांनी ठेवून घेतलं, म्हणाले वर पाठवतो, माझ्या हातात नाही.

दुपारी तिसऱ्याकडे गेले. पार्किंग प्लाझात ट्रेलर उभा, कंटेनर थंड ठेवणारा जेनसेट चालू, ड्रायव्हरदादा सावलीत बसलेले, मला बघून उठले आणि म्हणाले मॅडम टायर नसता फुटला तर रात्री नऊलाच आलो असतो. त्यांना कोणी काही बोललेलं नव्हतं, तरी त्यांच्या मनाला लागलं होतं. मी म्हटलं दादा, नऊला आला असतात तरी जमलं असतं असं नाही, जेवून घ्या. खरं तर त्या कंटेनरचं काहीच करण्यासारखं नव्हतं. शिपिंग बिल होतं, फायटो होतं, बुकिंग होतं, पण माल गेटच्या बाहेर होता.

संध्याकाळी भाऊंचा फोन. त्यांना मलेशियाच्या पार्टीने सांगितलं होतं की सीएफआर क्लांग म्हणजे क्लांगपर्यंत पोचवायची जबाबदारी तुमची, तीनही कंटेनर द्या नाहीतर नुकसानभरपाई द्या. भाऊंना वाटत होतं की सीएफआरमध्ये बोटीवर चढला की आपली जबाबदारी संपते, मग आपण कशाला भरायचं. दोघांचंही अर्धंच बरोबर होतं. सीएफआरमध्ये भाडं विकणारा क्लांगपर्यंत भरतो हे खरं, पण मालाची जोखीम इथेच, बोटीत माल चढला की घेणाऱ्याकडे जाते. म्हणून पहिला कंटेनर वाटेत खराब झाला तर तो त्यांचा प्रश्न. पण तिसरा चढलाच नाही, तो अजून पूर्णपणे भाऊंचा होता. आणि निर्यातीची परवानगी मिळवणं, कस्टम्स क्लिअर करणं हे एक्सवर्क्स (माल विकणाऱ्याच्या जागीच ताब्यात देणं) सोडून सगळ्या इन्कोटर्म्समध्ये, म्हणजे व्यापाराच्या ठरलेल्या अटींमध्ये, विकणाऱ्याकडेच असतं. मग सरकारने बंदी घातली तर? त्याचं उत्तर इन्कोटर्म्स देत नाहीत, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहावं लागतं. मी विचारलं भाऊ कॉन्ट्रॅक्ट काय आहे, तर एक पानाची प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, त्यात भाव, वजन, बँकेचा अकाउंट नंबर आणि शुभेच्छा. बंदीबद्दल एक अक्षर नाही. कोट्यवधींचा व्यवहार करणारी माणसं, शब्दाला जागणारी, पण कागदावर काहीच नाही, हे मी नाशिक भागात इतक्यांदा बघितलंय आणि दरवेळी जीव तुटतो. विमा कामाला येईल का विचारलं त्यांनी. नाही येत, उशिरामुळे झालेलं नुकसान कार्गो पॉलिसीत धरतच नाहीत आणि बंदी हा तर अपघातही नव्हे.

भाऊंनी मग स्वतःच पार्टीशी बोलून मिटवलं, तिसऱ्याचा ॲडव्हान्स परत केला. पार्टीनेही जास्त ताणलं नाही, दहा वर्षांची ओळख होती.

तिसरा कंटेनर शनिवारी वाशीला एपीएमसीत रिकामा केला. मी जायचं काही कारण नव्हतं पण गेले. लाल जाळीच्या गोण्या, एकसारखा निवडलेला माल, आणि बाजारात भाव पडलेला कारण सगळ्यांचाच माल तिकडे वळला होता. भाऊ एकेक गोणी उतरताना बघत उभे होते. त्यांनी विचारलं, ताई, ट्रेलर दोन तास आधी काढला असता तर? मी म्हटलं तरी माहीत नाही. त्यावर रीफर म्हणजे थंड कंटेनरचं भाडं, जेनसेटचं डिझेल, ट्रेलरचं हॉल्टिंग, शिपिंग बिल कॅन्सल करणं, हे सगळं वेगळंच. हिशोब मी करून दिला, तो इथे लिहावासा वाटत नाही.

दुसऱ्याचं उत्तर यायला चार दिवस लागले. तोपर्यंत १० तारखेची बोट गेली होती, कंटेनर टर्मिनलमध्ये प्लग लावून उभा, रोज पैसे. मी रोज सकाळी जाऊन विचारत होते. १२ तारखेला एलईओ मिळाली तेव्हा काकांनी मला काही न बोलता नुसता अंगठा दाखवला गेटपासून, आणि मी तिथेच खाली बसले. पुढच्या रविवारच्या बोटीला तो चढला. आठवडाभर उशीर झाला होता, तो भरण्याआधीचा म्हणजे भाऊंच्या खात्यातला, म्हणून टेंपरेचरचा रेकॉर्ड मी लाइनकडून आधीच मागवून ठेवला. क्लांगला थोडा माल कोंब आलेला निघाला, तेवढी सूट द्यावी लागली.

रांगेतल्या त्या पोराचं पुढे काय झालं कळलं नाही. त्याचा नंबर घ्यायला हवा होता.

बंदी ३१ मार्चला उठेल म्हणून सगळे थांबले होते, ती मार्चमध्येच पुढचा आदेश येईपर्यंत वाढवली. उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर एमईपी आणि ४० टक्के ड्युटीसकट. भाऊंनी मेच्या शेवटी एकच कंटेनर भरला. प्रोफॉर्मा या वेळी दोन पानांची होती, दुसऱ्या पानावर बंदीचं कलम, माझ्याकडून तीनदा तपासून घेतलेलं. ट्रेलर रात्री गेटमधून आत गेला तेव्हा मी घरी जेवत होते, फोन वाजला, भाऊंनी स्लिपचा फोटो पाठवला होता आणि खाली फक्त वेळ लिहिली होती, २१:१७.