सहा महिन्यांच्या राजाचे वय

फ्रान्समधील शार्लव्हिल-मेझियेर या गावात १९६१ साली बाहुलीनाट्याचा जागतिक महोत्सव सुरू झाला. त्याच गावात दोन महिने राहून, कळसूत्री बाहुल्या घेऊन रचलेली छायाचित्रे करण्यासाठी माझी निवड झाली होती. अर्ज, मुलाखत आणि व्हिसा यांत सांगण्याजोगे काही घडले नाही. घोडे अडले ते बाहुल्या बाहेर नेताना.

कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजातील एका कारागिराकडून मी राजा, राणी, गणपती आणि राक्षस अशा चार लाकडी बाहुल्या करवून घेतल्या होत्या. चामड्याच्या बाहुल्या नेण्याचा मोह मी आधीच आवरला होता, कारण कातडे कोणत्या जनावराचे, या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर देणे माझ्या आवाक्यातले नव्हते. लाकडी बाहुल्या मात्र फारच नव्याकोऱ्या दिसत होत्या आणि मला तर छायाचित्रांत जुन्या काळाचा भास हवा होता. म्हणून मी त्यांच्यावर चहाचे पाणी फिरवले, काजळी चोळली, राजाचे नाक पॉलिश पेपरने घासले आणि राणीच्या जरीची किनार उसवली.

पेटी पाठवणाऱ्या एजंटाने त्या पाहताच पुरावस्तू नसल्याचा दाखला मागितला. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मला तो कायदा मान्य आहे. संताप आला तो स्वतःच्याच थापेत सापडल्याचा.

अर्जाला प्रत्येक वस्तूची छायाचित्रे जोडावी लागतात. मी काळा पडदा लावून, एकाच बाजूने दिवा ठेवून टिपलेली माझी सर्वांत देखणी छायाचित्रे जोडली, आणि त्या उजेडात राजा पेशवाईतला वाटू लागला. कारागिराच्या पावतीवर तारीख नव्हती. पहिल्या खेपेस पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, “एवढी झीज वापरल्याशिवाय येत नाही.” ती चहाने आणली आहे, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी ते लेखी मागितले. दुसऱ्या खेपेस माझे लेखी निवेदन फायलीत लागले, परंतु तपासणारे अधिकारी दौऱ्यावर होते. मी बाकावर तीन तास बसून राहिलो आणि मांडीवरच्या पेटीत दोऱ्यांचा गुंता झाला. (दोरे पुठ्ठ्यावर गुंडाळूनच न्यावेत.)

तिसऱ्या खेपेस मी कोऱ्या ओंडक्यापासून रंगकामापर्यंतची, मोबाइलवर काढलेली साधी छायाचित्रे तारखांसह छापून नेली. अधिकाऱ्यांनी राजाचा झगा वर केला. कमरेखाली पांढरे लाकूड आणि त्यावर बॉलपेनने घातलेल्या मापाच्या खुणा होत्या. त्यांनी तो नाकाशी नेला आणि विचारले, “चहात आले होते का?”

दाखला उड्डाणाच्या चार दिवस आधी हाती आला. तारखेची पावती काम सुरू होतानाच घ्यावी, अर्जाला भरपूर उजेडातली सपाट छायाचित्रे जोडावीत, आणि बाहुलीला म्हातारे करायचेच असेल तर ते परदेशी पोहोचल्यावर करावे; चहा तेथेही मिळतो.

शार्लव्हिलमधल्या पहिल्याच छायाचित्रात मी राजाच्या हाती तो दाखला दिला. दोरे या वेळी मुद्दाम दिसू दिले.