सायकलची चाकं गोल होईपर्यंत

सूप पाऊण तासात झालं. बटाटा, गाजर, टोमॅटो, वरून मिरपूड. घोडं अडलं ते टीव्हीपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

बाबांना 'बायसिकल थीव्ज' दाखवायचा होता. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकाचा सिनेमा, १९४८ सालचा, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. डीव्हीडी लावली, दिवे मालवले, वाडगे हातात घेतले. बघतो तर सायकलची चाकं अंड्यासारखी! माणसं बुटकी, गालफडं पसरलेली. त्या काळच्या सिनेमाची चौकट चौकोनाच्या जवळ जाणारी, उंचीच्या १.३७ पट रुंद. टीव्ही १६:९, म्हणजे त्याहून बराच रुंद. त्याने चित्र दोन्ही बाजूंनी ओढून पडदा भरून टाकला होता. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर बिघडतं कुठे?

'पिक्चर साइझ' शोधायला तीन मेनू पालथे घातले. सापडला तर तो फिका, दाबलाच जाईना. 'गेम मोड', म्हणजे व्हिडिओ गेमसाठीची सेटिंग, बंद केल्यावर उघडला. तिथे '४:३' निवडलं आणि चाकं गोल झाली! पण आता माणसं चालताना घसरल्यासारखी दिसायला लागली, मालिकेत दिसतात तशी. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. हा टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घुसवत होता. या सोयीला प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, म्हणून मेनूत 'मोशन' हा शब्द शोधा आणि दिसेल ते बंद करा.

"राहू दे, असंच बघू," बाबा म्हणाले. मी ऐकलं नाही. ज्याने ती चौकट आखली त्याचं चित्र विस्कटून बघायचं नाही, यावर मी ठाम आहे.

यात अर्धा तास गेला. सुपावर साय धरली होती, बटाट्याने ते लापशीसारखं आळलं होतं. थंड पाणी ओतू नका, चव मरते. उकळतं पाणी थोडंथोडं घालून ढवळलं की पूर्ववत होतं. टीव्हीचं काम मात्र आदल्या दिवशीच उरका.

आणि हो, सबटायटल्स वाचायची असतील तर ताट नकोच. खाली बघितलं की वाक्य गेलं. दुसऱ्यांदा वाढताना आम्ही सूप वाडग्याऐवजी मगमध्ये घेतलं.

सिनेमातले बापलेक हॉटेलात जेवायला बसतात तो प्रसंग आला. छोटा ब्रूनो शेजारच्या टेबलावरच्या श्रीमंत मुलाच्या ताटाकडे वळून वळून बघतो. बाबांनी तोंडाशी नेलेला मग तसाच खाली ठेवला. प्रसंग संपेपर्यंत उचलला नाही.